तुटलेल्या पात्यांचा उघडा हिशेब

पात्याच्या मुळाशी दोष आहे, हे त्या इंजिनिअरांना ठाऊक होते. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ‘ग्रँडपाज नॉब’ नावाच्या डोंगरमाथ्यावर, पामर पुटनम यांच्या कल्पनेतून आणि एस. मॉर्गन स्मिथ कंपनीच्या पैशातून उभी राहिलेली ती पवनचक्की तेव्हा जगातली सर्वांत मोठी होती. क्षमता सव्वा मेगावॅट, चाकाचा व्यास ५३ मीटर आणि सुमारे आठ-आठ टनांची दोन पोलादी पाती. ऑक्टोबर १९४१ मध्ये तिची वीज जाळ्यात गेली. १९४३ मध्ये मुख्य बेअरिंग बिघडले आणि युद्धाच्या टंचाईत नवे बसवायला दोन वर्षे गेली. पात्याच्या मुळाची कमजोरी तोवर लक्षात आली होती. पण युद्धकाळात नवी पाती घडवायला पोलाद आणि माणसे आणायची कुठून? जागेवरच डागडुजी करून चक्की पुन्हा सुरू झाली. २६ मार्च १९४५ रोजी एक पाते मुळापासून तुटले आणि सव्वादोनशे मीटर लांब जाऊन पडले. ती चक्की पुन्हा फिरली नाही. तिच्याएवढ्या क्षमतेची चक्की पुन्हा उभी राहायला जगाला तीसहून अधिक वर्षे लागली.

आता १३ जुलै २०२४. अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावर, नँटकेट बेटाजवळच्या समुद्रात, ‘व्हाइनयार्ड विंड’ प्रकल्पातल्या एका चक्कीचे १०७ मीटर लांबीचे पाते मोडले. फोमचे आणि काचतंतूचे तुकडे ऐन उन्हाळी हंगामात किनाऱ्याला लागले आणि बेटावरचे किनारे पोहण्यासाठी बंद करावे लागले. चक्की बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीने कारण सांगितले: कारखान्यात पाते जोडताना सांधा पुरेसा चिकटला नव्हता. ही चूक आमच्या तपासणीत सापडायला हवी होती, हेही कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले. मग सुमारे दीडशे पात्यांच्या तपासणीच्या नोंदी पुन्हा उघडून पाहाव्या लागल्या.

या दोन तारखांमध्ये ७९ वर्षांचे अंतर आहे. या काळात पोलाद गेले आणि काचतंतू आले, लांबी कित्येक पटींनी वाढली, गणित संगणकावर गेले. मूळ दुखणे मात्र तेच राहिले. एकदा चूक ठाऊक होती, दुसऱ्यांदा ठाऊक होऊ शकली असती. पवनचक्कीच्या पात्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यांनी आपल्या तुटलेल्या पात्यांचा हिशेब उघडा ठेवला ते टिकले, आणि ज्यांनी मोठेपणाची घाई केली ते मोडले. आज पाती किती दर्जेदार आहेत आणि आयुष्य संपल्यावर त्यांचे काय करायचे, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून चर्चेत येतात. इतिहासाकडे पाहिले तर हा एकच प्रश्न आहे.

पाते बनते कसे, हे आधी जवळून पाहू. कोकणात फायबरची होडी बांधताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना निम्मी गोष्ट ठाऊक आहे. पात्याच्या आकाराचा लांबच लांब साचा असतो, एका अंगाचा एक आणि दुसऱ्या अंगाचा एक. साचा स्वच्छ पुसून, पाते त्याला चिकटू नये म्हणून त्यावर लेप देतात. मग काचेच्या धाग्यांचे सुके कापड थरावर थर अंथरले जाते. मध्ये गाभा म्हणून बाल्साचे हलके लाकूड किंवा फोम बसवतात. सगळ्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा घालून कडा हवाबंद करतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. त्या निर्वात जागेत नळ्यांमधून राळ सोडली की ती कापडात झिरपत जाते. राळ घट्ट झाली की दोन्ही अंगे तयार होतात. त्यांच्यामध्ये लांबीभर तुळया बसवायच्या, कडांवर लुकणासारख्या दाट गोंदाचा जाड पट्टा ओढायचा आणि एक अंग उचलून दुसऱ्यावर अलगद पालथे घालायचे.

यंत्रे आली तरी या कामातले बरेच काही अजून हातानेच होते. कापड अंथरणारी माणसे तळहाताने त्याच्या चुण्या काढत पुढे सरकतात. ही चुणी साधी बाब नाही. काचेच्या धाग्याची सगळी ताकद त्याच्या सरळपणात असते. जाड थरांत एखादी सुरकुती राहिली की तेथे धागा वाकतो आणि दाब आला की तिथूनच थर सुटू लागतात. राळ एखाद्या कोपऱ्यात पोचली नाही तर कोरडी जागा राहते. राळ घट्ट होताना स्वतः तापते आणि जाड भागात ती उष्णता कोंडली तर राळ करपते. दोन अंगे एकमेकांवर बसली की गोंदाचा पट्टा आत झाकला जातो. तो सलग आहे की मध्ये पोकळी राहिली, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारखान्यात ध्वनिलहरी सोडून आतला भाग तपासतात आणि अनुभवी कारागीर छोट्या हातोडीने ठोकूनही पाहतो. आपण कुंभाराकडून माठ घेताना बोटाने वाजवतो, त्यातलाच हा प्रकार. चांगला भाग खणखणतो, पोकळ भाग बद्द वाजतो.

एवढी काळजी का, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. मोठी चक्की मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्या घेते. वीस वर्षांत त्या दहा कोटींच्या घरात जातात. प्रत्येक फेरीत पाते एकदा वर आणि एकदा खाली येते, म्हणजे त्याचे स्वतःचे वजन त्याला एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकवते. वाऱ्याचे झटके वेगळेच. इतक्या वेळा इतका ताण सोसणाऱ्या वस्तू माणसाने फार थोड्या घडवल्या आहेत. पात्याचे टोक ताशी जवळपास तीनशे किलोमीटर वेगाने फिरते आणि त्या वेगात पावसाचा थेंबही वाळूच्या कणासारखा लागतो. पात्याची पुढची धार त्याने हळूहळू झिजते. कारखान्यात राहून गेलेली बारीकशी चूक पहिल्या दिवशी काहीच करत नाही. ती दहा-पंधरा वर्षे वाट पाहते.

हे सगळे शिकण्याचा मान प्रामुख्याने डेन्मार्क या छोट्या देशाकडे जातो. पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत वाऱ्यावर वीज तयार केली. पुष्कळ मंद पात्यांपेक्षा थोडी वेगवान पाती अधिक कामाची, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि खेड्यापाड्यांतल्या तरुणांना विजेची कामे शिकवली. त्यांच्याच वर्गात बसलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभारली. वेग बेफाम वाढला तर पात्याची टोके आडवी होऊन चाक थांबावे, अशी सोय त्यांनी केली होती. ती चक्की दहा वर्षे फारशा कुरबुरीशिवाय चालली. १९५७ मध्येच जर्मनीत उलरिश ह्यूटर यांनी ३४ मीटर व्यासाच्या चक्कीला काचतंतूची पाती लावली. मुळाशी काचेचे धागे बोल्टांभोवती वळवून घेण्याची त्यांची रीत पुढे अनेकांनी उचलली. जे मूळ व्हरमाँटमध्ये तुटले होते, त्यावरचे हे उत्तर होते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या देशांनी मोठ्या चक्क्यांची वाट धरली. अमेरिकेत नासाने प्रचंड यंत्रे बांधली. जर्मनीने १९८३ मध्ये तीन मेगावॅटची, शंभर मीटर व्यासाची ‘ग्रोवियान’ उभारली. १९८७ पर्यंत ती जेमतेम ४२० तास चालली आणि मग मोडीत निघाली. डेन्मार्कमध्ये मात्र सुतार, लोहार, शेतीची अवजारे करणारे कारखानदार आणि शाळेतले शिक्षक छोट्या चक्क्या बांधत होते. फर्निचर आणि मग काचतंतूच्या होड्या बनवणाऱ्या लुंडरस्कोव्ह गावच्या एका कारखान्याने १९७८ मध्ये पाती बनवायला घेतली. पुढे तोच एलएम या नावाने जगातल्या सर्वांत मोठ्या पातेनिर्मात्यांपैकी एक झाला. व्हाइनयार्डचे तुटलेले पातेही त्याचेच होते, ही गोष्ट या इतिहासात नोंदवून ठेवली पाहिजे. मोठा वारसा असलेल्या हातूनही तपासणीत ढिलाई झाली की पाते मोडते.

डॅनिश चक्क्याही सुरुवातीला मोडल्या. वादळात बेफाम फिरून पाती उडाली. पण मोडतोड झाकून ठेवायची नाही, असे तिथल्या चक्कीमालकांनी ठरवले. १९७८ मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापन केली. एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन ब्रेक असल्याशिवाय चक्की घ्यायची नाही, असा आग्रह धरला. ‘नातुरलिग एनर्जी’ या त्यांच्या मासिकात कोणत्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली आणि कुठे काय बिघडले, हे छापून येऊ लागले. विकत घेणारा शेतकरी हे आकडे वाचूनच घरी चक्की आणत असे. त्याच सुमारास रिसो येथे सरकारी चाचणी केंद्र सुरू झाले आणि त्याने पसंतीचा शिक्का मारलेल्या चक्कीलाच सरकारी अनुदान मिळू लागले. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर करसवलतींच्या जोरावर हजारो चक्क्या लागल्या. त्यात अमेरिकी बनावटीच्या कित्येक चक्क्या थोड्या दिवसांत बंद पडल्या आणि डॅनिश चक्क्यांनी तिथला मोठा हिस्सा मिळवला. त्या जड होत्या, मंद होत्या, पण टिकत होत्या. उघड्या हिशेबाचे हे सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे.

पुढे हा धडा काही प्रमाणात विसरला गेला. गेल्या पंधरा वर्षांत चक्क्यांच्या आकाराची शर्यत लागली. एका नमुन्याची पुरती पारख होण्याआधी पुढचा, त्याहून मोठा नमुना बाजारात येऊ लागला. त्याची किंमत २०२३ मध्ये दिसली. सीमेन्स गमेसाच्या जमिनीवरच्या नव्या चक्क्यांमध्ये पाती आणि बेअरिंग यांतले दोष जाहीर झाले. मूळ कंपनी सीमेन्स एनर्जीचा शेअर एका दिवसात एकतृतीयांशाहून अधिक कोसळला आणि दुरुस्तीसाठी सुमारे १.६ अब्ज युरोंची तरतूद करावी लागली. कारखान्यात वाचवलेले तास अखेर कित्येक पटींनी वसूल होतात.

हा धडा आपल्या घरचाही आहे. १९८६ मध्ये गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या चक्क्यांचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प उभे राहिले. त्यांची पाती जेमतेम साडेसात मीटरची होती. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी सुझलॉन स्थापन केली. पुढे पुण्यात मुख्यालय असलेली ही कंपनी जगातल्या मोठ्या चक्कीनिर्मात्यांच्या पंक्तीत जाऊन बसली. पण २००८ मध्ये अमेरिकेत विकलेल्या तिच्या चक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याचे उघड झाले आणि कंपनीने ४१७ चक्क्यांवरची १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. वाढीचा वेग आणि पारखीचा वेग यांत अंतर पडले की काय होते, हे पुण्याने तेव्हाच पाहिले आहे. त्या घटनेकडे केवळ एका कंपनीची नामुष्की म्हणून पाहणे चूक ठरेल. भारतीय उद्योगाने ती अभ्यासाची गोष्ट मानली पाहिजे.

आज भारताची पवनऊर्जा क्षमता पन्नास हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे आणि महाराष्ट्राचा त्यात पाच हजार मेगावॅटहून अधिक वाटा आहे. साताऱ्यातले वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे सडे, धुळ्यातले ब्राह्मणवेल हे या क्षमतेचे जुने पत्ते. सातारच्या सड्यांवर पहिल्या चक्क्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस लागल्या, म्हणजे त्यांनी वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य पुरे केले आहे किंवा करत आणले आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या चक्क्या बदलण्याचे आणि त्यांचे आयुष्य वाढवण्याचे धोरण आणले. ते योग्यच आहे. सर्वांत चांगला वारा असलेल्या जागा जुन्या, छोट्या चक्क्यांनी अडवून ठेवल्या आहेत. पण चक्की खाली उतरली की मनोऱ्याचे पोलाद, यंत्रातले तांबे, सगळ्याला भंगारवाला मिळतो. पाते तेवढे मागे उरते.

ते का उरते? ज्या गुणामुळे पाते टिकते, त्याच गुणामुळे ते विघटित होत नाही. इपॉक्सीची राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही. काच आणि राळ एकमेकांना घट्ट धरून बसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगात पात्यांचा कचरा चार कोटी तीस लाख टनांवर जाईल. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परच्या कचरा मैदानात तुकडे केलेली शेकडो पाती ओळीने पुरली गेली. २०२० मध्ये त्याची छायाचित्रे जगभर फिरली आणि पवनऊर्जेच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले. जर्मनीने २००५ पासूनच असा कचरा पुरण्याची वाट बंद केली आहे. तिथे पात्याचा चुरा सिमेंटच्या भट्टीत जातो. राळ जळून कोळशाची जागा घेते आणि काचेतला सिलिका व चुना सिमेंटमध्ये मिसळतो. आपल्या चंद्रपुरात सिमेंटच्या भट्ट्या आहेत. आजच्या घडीला जुन्या पात्यांसाठी ही सर्वांत जवळची आणि सोपी वाट आहे. तरीही वीस वर्षे दहा कोटी हेलकावे सोसणाऱ्या धाग्याचा शेवट भट्टीत व्हावा, यात समाधान मानता येत नाही.

पर्यावरणाचा हिशेब पात्याच्या सुरुवातीपासूनच मांडावा लागतो. गाभ्यात बसणाऱ्या बाल्साचा मोठा पुरवठा इक्वाडोरमधून होतो. २०२० च्या सुमारास मागणी इतकी वाढली की ॲमेझॉनच्या आदिवासी टापूत बेकायदा तोड झाली आणि नदीकाठची बेटे उजाड झाली. त्यानंतर अनेक कारखान्यांनी प्लास्टिकच्या फोमचा वापर वाढवला. कच्ची इपॉक्सी कातडीला लागत राहिली तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून साच्यावर काम करणाऱ्याच्या हातमोज्यांचा दर्जा हाही पात्याच्या दर्जाचाच भाग आहे. जंगल आणि कामगार यांना ओरबाडून केलेली वीज स्वच्छ म्हणवून घेऊ शकत नाही.

नव्या वाटा निघत आहेत आणि त्यात भारताचाही हात आहे. आदित्य बिर्ला समूहाची ‘रिसायक्लामाइन’ ही राळ सौम्य आम्लात सोडवता येते. अशाच प्रकारच्या राळेची पाती सीमेन्स गमेसाने २०२२ मध्ये जर्मनीच्या कास्कासी समुद्री प्रकल्पात बसवली. स्पेनमध्ये पोनफेरादाला त्याच वर्षी पुन्हा वितळवता येणाऱ्या राळेचे ६२ मीटरचे पाते तयार झाले. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जुन्या इपॉक्सीतूनही धागे आणि मूळ रसायन वेगळे काढून दाखवले. ही सारी उमेद वाढवणारी कामे आहेत. पण या राळेचे एकही पाते अजून वीस वर्षे फिरलेले नाही. सहज विरघळणारे पण दहाव्या वर्षी तडकणारे पाते पृथ्वीच्या काही उपयोगाचे नाही. एक पाते दहा वर्षे जास्त चालले तर त्या काळात दुसरे घडवावे लागत नाही, दुसरे पुरावे लागत नाही. टिकाऊपणा हीच पुनर्वापराची पहिली पायरी आहे. म्हणून नव्या राळेलाही जुनीच परीक्षा द्यावी लागेल.

तेव्हा आपण काय करायचे? महाराष्ट्रात शेतजमिनीच्या प्रत्येक तुकड्याला सातबारा असतो. कोणाच्या नावे, किती, कोणते पीक, कोणता बोजा, सगळे त्यावर असते. प्रत्येक पात्यालाही असा सातबारा असला पाहिजे. कोणत्या साच्यात, कोणत्या दिवशी, कोणत्या राळेने ते घडले, ध्वनिलहरींच्या तपासणीत काय दिसले, कुठे डागडुजी झाली, वीज पडली का, हे सारे पात्यासोबत राहिले पाहिजे. नवी चक्की उभारताना ही नोंद परवान्याची अट असावी. पंचवीस वर्षांनी ते पाते सोडवणाऱ्यालाही, आत कोणती राळ आहे हे त्यावरूनच कळेल.

दुसरे, मोडतोडीची नोंद सार्वजनिक व्हावी. चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था आणि तिचे कायथारचे चाचणी केंद्र या कामाला योग्य आहेत. कोणत्या नमुन्याची किती पाती कोणत्या कारणाने बदलली, हे दर वर्षी छापून यावे. डॅनिश शेतकऱ्यांना चार दशकांपूर्वी जे वाचायला मिळत होते, ते आज आपल्या ग्राहकाला, बँकेला आणि विमा कंपनीला का मिळू नये? तिसरे, पाते उभारतानाच त्याच्या विल्हेवाटीचे पैसे बाजूला ठेवले जावेत. सौर पॅनेल २०२२ च्या ई-कचरा नियमांत आली. पात्यांसाठीही तितकाच स्पष्ट नियम हवा. उद्या एखादी कंपनी बुडाली, तर सड्यावर पडलेल्या पात्यांचे ओझे त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या डोक्यावर येता कामा नये. या गावांनी जमिनी दिल्या, रस्ते दिले. त्यांना शेवटी कचरा देणे हा अन्याय आहे.

हे सारे खर्चिक वाटेल. ग्रँडपाज नॉबवरची डागडुजी तेव्हा स्वस्त वाटली होती आणि तिच्यामुळे तीस वर्षे गेली. हवामान बदलाच्या काळात आपल्याकडे वाया घालवायला तीस वर्षे नाहीत. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या सड्यांवर लवकरच जुनी पाती उतरतील आणि नवी चढतील. त्यांतले पहिले पाते चढण्यापूर्वी सरकारने सातबाऱ्याची आणि विल्हेवाटीच्या ठेवीची अट घालावी, आणि त्या गावांच्या ग्रामसभांनी ही कागदपत्रे पाहिल्याशिवाय संमती देऊ नये.